तीनदा गर्भपात, रिपोर्ट 'सगळं नॉर्मल'. नवऱ्याच्या पेशींचं इंजेक्शन घ्यावं का? (सांगली)

कृष्णाकाठची: घाईत लिहितेय. मार्चमध्ये तिसऱ्यांदा गेलं. कारण सापडत नाही. आता नवे डॉक्टर म्हणतात एनके सेल (नॅचरल किलर, प्रतिकारशक्तीच्या पांढऱ्या पेशी) वाढल्यात, तुझं शरीर बाळाला परकं समजतं. नवऱ्याच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी माझ्या हातात टोचायच्या, नाहीतर इंट्रालिपिडचं सलाईन. गुरुवारी पैसे भरायचेत. घेतलेल्यांनीच सांगा, उपदेश नको.

मिरजेची सून: अगं, कितव्या आठवड्यात? ठोके आले होते? वय? नॉर्मल म्हणजे नक्की काय काय तपासलं?

भडंगप्रेमी: टॉर्च केली का, ती गर्भाला बाधणाऱ्या संसर्गांची रक्ततपासणी? आमच्या बहिणीची पॉझिटिव्ह होती. गोळ्या घेतल्या, आता पोरगा बालवाडीत जातो.

मिरजेची सून: वारंवार गर्भपातात टॉर्चचा काही उपयोग नाही हो. तिला अजून एका बिलात ढकलू नका.

भडंगप्रेमी: मग भाचा काय आभाळातून पडला?

नवीवाट: दत्तक घ्या. आम्ही घेतलं, सुखात आहोत.

कृष्णाकाठची: मी ते विचारलं का? वय ३२. ७, ८ आणि ११ आठवडे, शेवटच्याला ठोके होते. थायरॉइड, शुगर, सोनोग्राफी, दोघांचे क्रोमोसोम झाले. टॉर्चसुद्धा झाली. इंजेक्शनचं बोला!

लॅबवाले काका: बोलतो. ३० वर्षं लॅबमध्ये गेली माझी. एनके पेशी मोजतात हाताच्या रक्तातल्या. गर्भाशयातल्या वेगळ्या असतात, आणि त्या वार रुजायला मदत करतात. नावात 'किलर' आहे म्हणून सगळे घाबरतात. नवऱ्याच्या पेशी टोचून फायदा होतो का, हे अमेरिका-कॅनडात तपासलं. १९९९ साली निकाल आला, फायदा दिसला नाही. २००२ पासून अमेरिकेत प्रयोगाबाहेर ते देता येत नाही. इंट्रालिपिड म्हणजे सोयाबीनचं तेल आणि अंड्याच्या बलकातलं लेसिथिन. तोंडाने जेवता येत नाही अशा पेशंटला शिरेतून देतात ते.

रानातला: आमच्या सोयाबीनला बाजारात कुत्रं विचारत नाही, आणि बाटलीत भरलं की हे भाव!

मिरजेची सून: ओ, भावाचा धागा वेगळा काढा. काका, एपीएलए, म्हणजे रक्तात गुठळ्या करणाऱ्या अँटीबॉडीजची तपासणी?

लॅबवाले काका: तेच विचारणार होतो. प्रतिकारशक्तीच्या भानगडीत खरा उपाय असलेली गोष्ट ती एकच. तीन तपासण्या: ल्युपस अँटीकोअ‍ॅग्युलंट, अँटीकार्डिओलिपिन, बीटा-२ ग्लायकोप्रोटीन. पॉझिटिव्ह आली तर किमान १२ आठवड्यांनी पुन्हा. तेव्हाही आली तर पुढच्या वेळी कमी डोसची अ‍ॅस्पिरिन आणि पोटाच्या कातडीखाली हेपॅरिनचं (रक्त पातळ ठेवणारं) इंजेक्शन देतात. ताई, फाइल बघा.

कृष्णाकाठची: बघितली. अँटीकार्डिओलिपिन आयजीजी ५८. आकड्याला निळ्या पेनाने गोल केलाय, शेजारी 'रिपीट'. दुसऱ्या वेळचा कागद आहे, आधीच्या दवाखान्यातला. त्यानंतर आम्ही डॉक्टर बदलला. परत कुणी केलीच नाही. बाकीच्या दोन्ही फाइलमध्ये नाहीतच.

मिरजेची सून: मग 'सगळं नॉर्मल' कसं गं? गुरुवारी पैसे भरू नकोस. हा कागद दाखव, तिन्ही करून घे. अ‍ॅस्पिरिन मात्र मनाने सुरू करू नकोस.

कृष्णाकाठची: उपाशी जावं लागतं का?

लॅबवाले काका: नाही. पण हेपॅरिन चालू असेल तर रक्त काढण्याआधी सांगा, ल्युपसचा रिपोर्ट चुकतो.

कृष्णाकाठची: जुलैत बंद केलंय. उद्या सकाळीच जाते.

भडंगप्रेमी: जाताच आहात तर टॉर्च पण परत करून घ्या.