नाना अस्माउला वगळून कसं चालेल?
अरबी काव्याचा प्रभाव हौसा प्रदेशात (आजच्या उत्तर नायजेरियाच्या भागात) पुरुष उलेमांपुरताच, म्हणजे इस्लामी विद्वानांपुरताच राहिला, असं म्हटलं जातं; ते मला पटत नाही. तिथल्याच सोकोतोची कवयित्री नाना अस्माउ (१७९३–१८६४) मग कुठे बसवायची? सोकोतो खिलाफतीचे संस्थापक उस्मान दान फोदिओ यांची ही मुलगी अरबी, फुलफुलदे (फुलानी लोकांची भाषा) आणि हौसा अशा तीन भाषांत लिहायची. हौसा कविताही अरबी लिपीतच. मैत्रीण आइशा गेल्यावर तिने लिहिलेलं शोककाव्य अरबीत आहे, मर्सियाच्या (अरबी शोकगीताच्या) जुन्या परंपरेतलं, आणि तरी अगदी तिचं स्वतःचं.

शिवाय तिच्या कविता पाठ करून खेड्यापाड्यांतल्या बायकांना शिकवणाऱ्या शिक्षिकांचं जाळं तिने उभारलं, 'यान तारू'. त्यामुळे अक्षरओळख नसलेल्या बाईपर्यंतही हे काव्य तोंडी पोचलं. हाच प्रभाव नायजेरियातल्याच योरुबा लोकांमध्ये शोधायचा तर सुरुवात इलोरिन शहरापासून करावी, अरबी विद्येचं ते मोठं केंद्र.