मदत हवी आहे: वाचनालयात आधी आरएफआयडी, ई-बुक्स, चॅटबॉट की कॅटलॉगची दुरुस्ती?

नमस्कार मंडळी,

मी वाचनालयात ग्रंथपाल आहे. पुढच्या आठवड्यात कार्यकारिणीची मीटिंग आहे आणि पैसे एकाच मोठ्या कामाला पुरतील. प्रस्ताव तीन आलेत, पुस्तकांना आरएफआयडी टॅग (रेडिओ लहरींनी वाचता येणारी छोटी चिप), ई-बुक्सची वर्गणी आणि वाचकांना उत्तरं देणारा एआय चॅटबॉट. मला मात्र या तिन्हींच्या आधी कॅटलॉग, म्हणजे पुस्तकांच्या नोंदींची कॉम्प्युटरवरची यादी, दुरुस्त करायचाय, आणि तो दुरुस्त कसा करायचा नि मीटिंगमध्ये पटवायचं कसं या दोन्हीसाठी मदत हवीय.

झालंय असं की आमचं जुनं सॉफ्टवेअर ज्या कंपनीचं होतं ती बंद पडली, त्यात डेटा बाहेर काढायची सोयच नव्हती, शेवटी ओळखीच्या एकाने कशीबशी एक्सेल शीट काढून दिली. मराठी नोंदी युनिकोडच्या (सगळ्या लिपींसाठीच्या आताच्या सामाईक संकेतपद्धतीच्या) आधीच्या फॉन्टमध्ये होत्या, त्या कन्व्हर्टरमधून युनिकोडमध्ये आणल्या आणि कोहा या वाचनालयांच्या सॉफ्टवेअरमध्ये चढवल्या. तेव्हा वाटलं, सुटलो.

मागच्या महिन्यात एक आजोबा काउंटरवर आले, त्यांना हव्या असलेल्या पुस्तकाच्या नावात 'दऱ्या' हा शब्द होता. सर्च केलं तर शून्य निकाल. मी म्हटलं नाहीये आपल्याकडे. ते काही न बोलता कपाटाकडे गेले आणि पुस्तक हातात घेऊन आले. मला फार वाईट वाटलं. रात्री बसून शोधलं तेव्हा कळलं की 'ऱ्या' दोन प्रकारे टाइप होतो, एकात 'ऱ' हे वेगळं अक्षर आणि हलंत (अक्षराचा पाय मोडायचं चिन्ह), दुसऱ्यात साधा 'र', हलंत आणि पुढे झिरो विड्थ जॉइनर हे न दिसणारं जोडचिन्ह. डोळ्यांना दोन्ही सारखेच दिसतात पण कॉम्प्युटरला ते वेगळे शब्द. म्हणजे बऱ्याच, साऱ्या, वाऱ्यावर असं काहीही नावात असेल तर ते पुस्तक आमच्याकडे असून नसल्यासारखं. शिवाय एकाच लेखकाचं नाव एकीकडे आडनाव आधी, दुसरीकडे नुसती आद्याक्षरं, तिसरीकडे टोपणनाव.

आता टॅगमध्ये मुख्यतः पुस्तकाचा क्रमांक असतो, नाव-लेखक सगळं कॅटलॉगमधूनच येतं. चुकीच्या नोंदीला टॅग जोडला तर देवघेव वेगात होईल पण चूक तशीच राहील. चॅटबॉटचंही तेच, तो आमच्या कॅटलॉगला जोडला तर 'दऱ्या'वालं पुस्तक नाही असं छान वाक्यात सांगेल, आणि नाही जोडला तर काय होतं ते मी आताच बघतेय, वाचक एआयने दिलेली यादी घेऊन येतात, त्यातली काही पुस्तकं कुणी लिहिलेलीच नसतात, आणि ती नाहीतच हे सिद्ध करण्यात माझा अर्धा अर्धा तास जातो.

ई-बुक्सबद्दल माझी भीती वेगळी आहे. छापील पुस्तक एकदा घेतलं की आपलं, ई-बुकचं बहुतेक वेळा नुसतं लायसन्स मिळतं. हार्परकॉलिन्स या प्रकाशनसंस्थेने २०११ मध्ये वाचनालयांसाठी एका ई-बुकला २६ वेळा देण्याची मर्यादा घातली होती, त्यानंतर पुन्हा पैसे भरा. वर्गणी थांबली की कपाट रिकामं. वाचकांना हे कसं समजावता तुम्ही?

कुणी या वाटेने गेलं असेल तर प्लीज सांगा, नोंदी हाताने एकेक दुरुस्त करायच्या का दुसरा मार्ग आहे?

प्रतिसाद १

ताई, हाताने अजिबात करू नका. कोहामधून सगळ्या नोंदी मार्क फॉरमॅटमध्ये (वाचनालयाच्या नोंदींचा ठरलेला साचा) एक्सपोर्ट करा, अशा नोंदी दुरुस्त करायचं मार्कएडिट फुकट मिळतं त्यात उघडा आणि 'र + हलंत + जॉइनर' शोधून 'ऱ + हलंत' असा बदल एकदम करा. युनिकोडचं नेहमीचं नॉर्मलायझेशन (समान मानलेले क्रम एकसारखे करणं) हे करत नाही, त्याच्या दृष्टीने हे दोन क्रम समान नाहीतच, म्हणून नियम आपणच लिहावा लागतो. पण एवढ्याने भागणार नाही कारण वाचकही आपापल्या कीबोर्डप्रमाणे दोन्ही प्रकारे टाइप करणार. म्हणून सर्चच्या इंडेक्समध्येही तोच नियम हवा, झेब्रा (कोहाचं सर्च इंजिन) असेल तर आयसीयू (युनिकोड मजकूर हाताळायची सोय) चालू करून त्यात टाकता येतो, मग इंडेक्स परत बांधायचा. लेखकांच्या नावांना ओपनरिफाइन हे डेटा साफ करायचं सॉफ्टवेअर वापरा, सारखी दिसणारी नावं ते गटाने पुढे ठेवतं, एक कुठलं धरायचं ते तुम्ही ठरवायचं. टोपणनावं मात्र माणसालाच जोडावी लागतील.

प्रतिसाद २

मी थोडं वेगळं बोलतो. आरएफआयडीला एवढं मागे टाकू नका. ग्रंथ पडताळणीला आम्ही एकेक पुस्तक काढून दाखल नोंदवहीशी ताडायचो, टॅग वाचणारा हँड रीडर कपाटावरून फिरवला की तेच काम कितीतरी पटीने लवकर होतं आणि चुकीच्या जागी घुसलेलं पुस्तक सापडतं. वाचनालयात बहुधा १३.५६ मेगाहर्ट्झचे टॅग असतात, पातळ पुस्तकं चिकटून असली किंवा कव्हरवर चकाकणारा धातूचा कागद असला की वाचन चुकतं, तेव्हा आधी आपल्याच कपाटावर डेमो मागा. आणि टॅगवरचा डेटा आयएसओ २८५६० या वाचनालयातल्या टॅगसाठीच्या मानकाप्रमाणे असावा हे करारात लिहून घ्या, नाहीतर पुढे दुसऱ्या कंपनीचा रीडर चालणार नाही. पण क्रम तुमचाच बरोबर, टॅग लावताना प्रत्येक पुस्तक हातात येतंच, त्याआधी नोंदी शुद्ध झाल्या तर तेव्हाच ताडून होतील.

प्रतिसाद ३

बॅकअपबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहिते. ब्रिटिश लायब्ररीवर ऑक्टोबर २०२३ मध्ये रॅन्समवेअर हल्ला (डेटा अडवून खंडणी मागणारा) झाला, खंडणी दिली नाही, मग चोरलेला जवळजवळ ६०० जीबी डेटा बाहेर आला आणि मुख्य कॅटलॉग परत ऑनलाइन यायला जानेवारी २०२४ उजाडला, तोही फक्त शोधण्यापुरता. एवढ्या मोठ्या संस्थेची ही गत. त्यांनी स्वतःच्या अहवालात जुन्या सिस्टिम्समुळे सावरायला वेळ लागला हे उघड लिहिलंय. तुमची मार्क फाइल नेटवर्कला न जोडलेल्या डिस्कवर ठेवा, आणि ती दुसऱ्या कोहावर खरंच चढते का हे वर्षातून एकदा तरी करून बघा. मीटिंगमध्ये मात्र आकडे सांगू नका, तो 'दऱ्या'वाला सर्च सगळ्यांसमोर करून दाखवा आणि मग पुस्तक टेबलावर ठेवा.

धागाकर्ती

सगळ्यांचे मनापासून आभार. काल रात्री थोड्या नोंदी कोहाच्या वेगळ्या टेस्ट इन्स्टॉलवर चढवून तो नियम चालवला आणि 'दऱ्या' दोन्ही प्रकारे टाइप करून सापडला, खरंच डोळ्यांत पाणी आलं. आजोबांना फोन करून सांगितलं. मीटिंगमध्ये पुस्तक घेऊनच जाणार.

आता अडलंय एकच. कन्व्हर्टरने काही ठिकाणी पहिली वेलांटी भलत्याच जागी टाकलीय, 'स्थिती'चं 'सि्थती' झालंय, 'अस्तित्व'चं 'असि्तत्व'. हे शब्दाशब्दाने शोधायचे का?

प्रतिसाद १

नाही, नियमच आहे. जुन्या फॉन्टमध्ये पहिली वेलांटी अक्षराच्या आधी टाइप व्हायची, कन्व्हर्टर तिला एकच अक्षर पुढे ढकलतो आणि जोडाक्षरात ती मध्येच अडकते. शुद्ध मराठीत वेलांटीच्या लगेच पुढे हलंत येत नाही, म्हणून 'अक्षर, वेलांटी, हलंत, अक्षर' हा क्रम रेग्युलर एक्सप्रेशनने (अक्षरांचा नमुना देऊन शोधायची पद्धत) शोधा आणि 'अक्षर, हलंत, अक्षर, वेलांटी' करा. तीन अक्षरांच्या जोडाक्षरांसाठी तोच बदल परत एकदा चालवा. सुरुवातीला बदललेल्या ओळींची वेगळी फाइल काढून नजर फिरवा, मगच मूळ डेटाला हात लावा.