शब्दचर्चा : 'स्टेट अ‍ॅटर्नी जनरल'ला महाधिवक्ता म्हणावं का?

शाईपेन :
अमेरिकेतल्या बातम्या मराठीत आणताना हा शब्द सारखा आडवा येतो : राज्याचा अ‍ॅटर्नी जनरल, म्हणजे तिथल्या राज्याचा सर्वात वरचा कायदा अधिकारी. आमच्याकडे कुणी 'महाधिवक्ता' लिहितं, कुणी 'महान्यायवादी', आणि घाई असली की सरळ 'सरकारी वकील'. 'टेक्सासच्या महाधिवक्त्यांनी कंपनीवर खटला भरला' हे वाक्य मला खटकतं, पण नेमकं कुठे ते सांगता येत नाही. जाणकारांनी सांगावं.

हायकोर्टाची पायरी :
खटकणारच, कारण आपला महाधिवक्ता आपल्या मनाने कंपन्यांच्या मागे लागत नाही. घटनेच्या अनुच्छेद ७६ मधला तो केंद्राचा महान्यायवादी, अनुच्छेद १६५ मधला तो राज्याचा महाधिवक्ता. त्याला राज्यपाल नेमतात आणि त्यांची मर्जी असेल तोवर तो पदावर राहतो. ही मर्जी प्रत्यक्षात कुणाची असते ते सगळ्यांना ठाऊक आहे. सरकारला सल्ला द्यायचा, कोर्टात सरकारची बाजू मांडायची. विधिमंडळात बोलायचा हक्क आहे, मताचा नाही. २०१६ मध्ये महाराष्ट्राचे तेव्हाचे महाधिवक्ता श्रीहरी अणे विदर्भापाठोपाठ वेगळ्या मराठवाड्याबद्दल बोलले, विधिमंडळात गदारोळ झाला आणि त्यांना राजीनामा द्यावा लागला. अशील आणि वकिलाचं पटेना, वकिलाने वकीलपत्र सोडलं, एवढाच त्याचा अर्थ.

न्यू जर्सीचा पाहुणा :
अमेरिकेत गाडं इथेच उलटं फिरतं. ५० पैकी ४३ राज्यांत अ‍ॅटर्नी जनरल थेट लोकांच्या मतांवर निवडून येतो, गव्हर्नर येतो तसाच. त्यामुळे गव्हर्नर त्याला घरी पाठवू शकत नाही. दोघे वेगवेगळ्या पक्षांचे असणं यात काही नवल नाही. माझं राज्य अपवादांतलं : न्यू जर्सीत गव्हर्नर नेमतो. मेनमध्ये विधिमंडळ निवडतं. टेनेसीत तर राज्याचं सुप्रीम कोर्ट नेमतं, तेही आठ वर्षांसाठी. निवडणूक आली की महत्त्वाकांक्षा आलीच, 'ए. जी.' म्हणजे 'अ‍ॅस्पायरिंग गव्हर्नर' हा इथला जुना विनोद आहे. बिल क्लिंटन आधी आर्कान्सॉचे अ‍ॅटर्नी जनरल होते, मग तिथलेच गव्हर्नर झाले.

पदाची ताकद बघायची तर तंबाखूचं प्रकरण बघा. १९९४ मध्ये मिसिसिपीचे अ‍ॅटर्नी जनरल माइक मूर यांनी सिगरेट कंपन्यांवर दावा लावला. तोवर आजारी माणूस कोर्टात गेला की कंपन्यांचं उत्तर ठरलेलं : तू आपल्या मर्जीने ओढलीस, आता भोग. मूर यांनी आजाऱ्याला बाजूला ठेवलं आणि राज्यालाच वादी केलं. धूम्रपानाने आजारी पडलेल्या गरिबांच्या औषधपाण्याचा खर्च मेडिकेडमधून, म्हणजे सरकारी तिजोरीतून होतो, तो भरून द्या. राज्याने थोडीच सिगरेट ओढली होती! गंमत म्हणजे त्यांच्याच राज्याचे गव्हर्नर कर्क फोर्डाइस हा दावा थांबवायला कोर्टात गेले. तरी दावा थांबला नाही. मिसिसिपी, फ्लोरिडा, टेक्सास आणि मिनेसोटा यांनी वेगळी तडजोड केली, आणि नोव्हेंबर १९९८ मध्ये उरलेल्या ४६ राज्यांनी मोठ्या तंबाखू कंपन्यांशी एकत्र करार केला : २५ वर्षांत सुमारे २०६ अब्ज डॉलर. आता सांगा, अण्यांच्या आणि मूर यांच्या पदाला एकच नाव कसं द्यायचं?

शाईपेन :
वा, हे फोर्डाइस प्रकरण माहीत नव्हतं. पण मग डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी कोण? आमच्याकडे दोघांची सरमिसळ होते.

न्यू जर्सीचा पाहुणा :
तो वेगळा. बहुतेक राज्यांत खून, दरोडे, मारामारीचे खटले काउंटी पातळीवरचा डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी चालवतो, आणि तोही बहुतेक ठिकाणी निवडून आलेला असतो. अ‍ॅटर्नी जनरलकडे बहुधा अपिलं आणि राज्यभर पसरलेली प्रकरणं येतात. डेलावेअर आणि ऱ्होड आयलंड इवलीशी राज्यं, तिथे फौजदारी कामही अ‍ॅटर्नी जनरलकडेच. ट्रम्प यांचं उदाहरण घ्या. मालमत्तांच्या फुगवलेल्या किमतींवरून २०२२ मध्ये दिवाणी दावा लावला तो न्यूयॉर्क राज्याच्या अ‍ॅटर्नी जनरल लेटिशिया जेम्स यांनी. पुढच्या वर्षीचं फौजदारी प्रकरण मॅनहॅटनचे डिस्ट्रिक्ट अ‍ॅटर्नी अ‍ॅल्विन ब्रॅग यांचं. मराठीत दोन्ही 'सरकारी वकिलांनी' केलं असं छापून आलं तर वाचकाने काय समजायचं?

हायकोर्टाची पायरी :
आणि कृपा करून जेम्सबाईंनी 'खटला भरला' असं लिहू नका. दिवाणी तो दावा, फौजदारी तो खटला. आपल्या कोर्टात शिपायालाही हा फरक कळतो.

तिकडे एका खुर्चीत बसलेलं काम आपल्याकडे कसं वाटलं गेलंय तेही बघण्यासारखं आहे. धर्मादाय संस्थांवर देखरेख हे अमेरिकेत अ‍ॅटर्नी जनरलचं काम. महाराष्ट्रात १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्याने ते धर्मादाय आयुक्तांकडे गेलं. ग्राहकांची फसवणूक म्हटलं की आपण ग्राहक आयोगाकडे जातो. महाधिवक्त्याकडे जनतेच्या वतीने उभं राहायचे थोडे अधिकार उरलेत : दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ९१ खाली सार्वजनिक उपद्रवाविरुद्ध तो दावा लावू शकतो, आणि फौजदारी स्वरूपाच्या न्यायालय अवमानाची तक्रार खासगी माणसाला करायची तर त्याची लेखी संमती लागते. म्हणजे मूळ एकच आहे, इंग्लंडातलं. फांद्या मात्र वेगळ्या दिशांना गेल्या.

मोडी वाचक :
'अ‍ॅटर्नी' म्हणजे मुखत्यार. जनरल पॉवर ऑफ अ‍ॅटर्नीला आपण कुलमुखत्यारपत्र म्हणतोच. मग अ‍ॅटर्नी जनरल म्हणजे राज्याचा कुलमुखत्यार! १७८४ मध्ये दिल्लीच्या बादशहाने पेशव्यांना वकील-इ-मुतलक, म्हणजे पूर्ण अधिकार असलेला प्रतिनिधी, हे पद दिलं आणि महादजी शिंद्यांना त्यांचं नायबपद, त्याचा अर्थही याच्या जवळपास जातो. तेव्हाचा वकील कोर्टातला नव्हे, धन्याच्या वतीने बोलणारा.

हायकोर्टाची पायरी :
अर्थ पक्का बसतो, पण वापरू नका. कुलमुखत्यार म्हटलं की आजच्या वाचकाला सातबारा आणि भाऊबंदकी आठवते.

शाईपेन :
मग मी बातमीत 'राज्याचे अ‍ॅटर्नी जनरल' असंच ठेवते आणि पहिल्यांदा नाव येईल तिथे 'निवडून आलेले' किंवा 'गव्हर्नरने नेमलेले' जोडते. अमेरिकेच्या केंद्र सरकारच्या अ‍ॅटर्नी जनरलला 'केंद्रीय' लावते.

न्यू जर्सीचा पाहुणा :
ते उत्तम, कारण केंद्रातला अ‍ॅटर्नी जनरल राष्ट्राध्यक्षांच्या मंत्रिमंडळात असतो, न्याय खातं चालवतो, आणि राज्यांतल्या अ‍ॅटर्नी जनरलांचा तो साहेब नव्हे.

शाईपेन :
शेवटचं एक. 'अ‍ॅटर्नी जनरल्स ओपिनियन'ला काय? सहकाऱ्याने 'निकाल' लिहिलंय.

हायकोर्टाची पायरी :
निकाल कोर्ट देतं. राज्यातला एखादा अधिकारी कायद्याचा अर्थ लेखी विचारतो आणि अ‍ॅटर्नी जनरल लेखी उत्तर देतो, ते हे. कोर्ट त्याला वजन देतं, पण ते मानायला बांधील नसतं. मंत्रालयात फाइलवर 'विधी व न्याय विभागाचे अभिप्राय घ्यावेत' असा शेरा मारतात ना, तोच शब्द घ्या : अभिप्राय.