बिस्मार्क १/७०० : पट्टे मारू की नुसता राखाडी?

खाडीकाठ (चिपळूण)
नमस्कार मंडळी. आतापर्यंत विमानांची प्लॅस्टिक मॉडेलंच केली, तीही बहुतेक १/७२ स्केलची. यंदा पहिल्यांदा जहाज हातात घेतलंय, दुसऱ्या महायुद्धातली जर्मन युद्धनौका बिस्मार्क. हलचे, म्हणजे जहाजाच्या धडाचे, दोन भाग चिकटवून, सांधा पुट्टीने भरून, घासूनही झाला. पुढे गाडं अडलंय. डब्यावरच्या चित्रात दोन्ही बाजूंना काळे-पांढरे तिरके पट्टे आहेत, पण लढाईचे फोटो बघावेत तर त्यात जहाज सरळ राखाडी. पत्रकात दोन्ही पर्याय दिलेत, कुठला कधीचा ते काही नाही. मला ब्रिटिश युद्धनौका हूडशी लढतानाची बिस्मार्क करायचीय.
शिवाय रेलिंगचा फोटो-एच (रसायनाने कोरलेल्या पातळ पितळी पट्ट्यांचा) सेट आणलाय, ते पितळ बघूनच घाम फुटतो. आणि इथे पाऊस धो धो. एअरब्रश चालवू की दिवाळीपर्यंत थांबू?

स्प्रूकटर
पट्टेच मार रे. कपाटात राखाडी जहाज ठेवलं तर पाहुणे वळूनसुद्धा बघत नाहीत.

गोदीवाले काका
पाहुण्यांसाठी करायचं तर प्रश्नच मिटला. पण तू लढाई म्हणालास, म्हणून सांगतो. हा आवडीनिवडीचा नाही, तारखेचा प्रश्न आहे.
पट्टे बाल्टिक समुद्रातले. १९ मे १९४१ ला ती गोटेनहाफेनहून, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या ग्दिनियाहून निघाली, ती पट्ट्यांनिशीच. २१ मे ला नॉर्वेत बर्गनजवळच्या ग्रिमस्टाड फ्योर्डमध्ये नांगर टाकला आणि तिथे खलाशांनी पट्ट्यांवर राखाडी फिरवला. त्याच दिवशी ब्रिटिश वैमानिक मायकल सक्लिंगने स्पिटफायरमधून तिचा फोटो टिपला. हूड बुडाली २४ मे ला. तेव्हा तुझी बिस्मार्क राखाडी. मी असतो तर आधी पट्टे मारून वर राखाडीचा पातळ हात दिला असता, उन्हात तिरकं धरल्यावर खालचे जेमतेम जाणवतील इतका. अर्थात ही माझी हौस.
आता डबा उघड आणि विमानविरोधी तोफांच्या डायरेक्टरांचे, म्हणजे तोफांना नेम धरून देणाऱ्या यंत्रांचे, गोल घुमट मोज. बिस्मार्कच्या पुढच्या दोघांवर घुमट होते, मागच्या दोघांवर बसलेच नाहीत. तिच्या जुळ्या बहिणीवर, तिरपिट्झवर, मागेही होते. एकाच साच्यातून दोन्ही जहाजं काढली की चारही हातात येतात. मागचे दोन सुट्ट्या भागांच्या डबीत टाक.
आणि गंज. माझी सगळी नोकरी गोदीत गेली, त्यामुळे हल्लीची मॉडेलं बघून चिडचिड होते. बिस्मार्क २४ ऑगस्ट १९४० ला नौदलात दाखल झाली, २७ मे १९४१ ला बुडाली. नऊ महिन्यांचं जहाज! ते अलंगला तोडायला आणल्यासारखं कशाला रंगवायचं? नांगराची साखळी जिथून बाहेर येते त्या भोकाखाली आणि डेकचं पाणी जिथून बाहेर पडतं तिथे तपकिरी ऑइल रंगाचा बारीक ठिपका ठेव, थिनरने ओलावलेल्या सपाट ब्रशने वरून खाली ओढ. बाकी हल स्वच्छ राहू दे.

पितळेची_पोर (पुणे)
काकांनी रेलिंग सोडून दिलं, ते मी घेते. एक मीटरचं रेलिंग या स्केलला दीड मिलिमीटरही भरत नाही, त्यामुळे चिमट्याने ओढाताण करायची नाही. फ्रेममध्ये असतानाच प्रायमर आणि रंग मारून घ्या. मग काचेवर किंवा गुळगुळीत टाइलवर ठेवून नव्या ब्लेडने वरून दाबून कापा. ब्लेड ओढलं की पट्टी वाकलीच. डेकची कड कागदाच्या पट्टीने मोजायची आणि नाळेचा, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाचा, बाक पेन्सिलीवर आधी देऊन ठेवायचा.
सुपरग्लू या हवेत झटकन धरतो आणि भोवती पांढरी भुकटी सोडतो. मी साधा पांढरा फेविकॉल सुईच्या टोकाने लावते. सरकवायला वेळ मिळतो, सांडलेला ओल्या ब्रशने पुसता येतो, आणि रेलिंगला भार असा कुठे पडतो? वर मॅट वार्निश बसलं की पुरे.
दिवाळीची वाट बघायची गरज नाही. लॅकर मात्र आत्ता नको, दमट हवेत पांढुरका पडतो. ॲक्रिलिक वापरा आणि कॉम्प्रेसरला पाणी अडवणारा ट्रॅप असल्याशिवाय हलला हात लावू नका.

गोदीवाले काका
फेविकॉलचं पटलं. रिगिंगला, म्हणजे डोलकाठीच्या दोऱ्यांना, मेणबत्तीवर ताणलेला स्प्रू (भाग ज्या प्लॅस्टिकच्या काडीला जोडलेले येतात ती) घे. केस वापर असं कुणीतरी सांगेल, ऐकू नकोस. चिपळूणच्या पावसात केस लांबतो आणि दोऱ्या सैल पडतात.

खाडीकाठ
घुमट मोजले काका, चार निघाले! राखाडी नक्की, खाली पट्ट्यांसकट. ट्रॅप मागवलाय, तो येईपर्यंत रेलिंग कापून ठेवतो. मागचे डायरेक्टर घुमटाशिवाय कसे दिसायचे त्याचं रेखाचित्र कुणाकडे असेल तर टाका, नुसती सपाट चकती चिकटवायला मन धजत नाही.