सत्कृत्यांचा प्रयोग: 40-40 जण पुरतील का?

शाईची_दौत: सत्कृत्यं केल्याने करणाऱ्याला बरं वाटतं का, हे पाहायला चार आठवड्यांचा प्रयोग आखतेय. एका गटाने आठवड्याला 5 सत्कृत्यं करायची, दुसऱ्याने काहीच नाही. मन किती प्रसन्न आहे हे पाच प्रश्नांतून मोजणारी डब्ल्यूएचओ-5 प्रश्नावली दर आठवड्याला, शिवाय मनगटावरच्या पट्ट्याने रोजची पावलं. प्रत्येक गटात 40 जण चालतील ना? पाचही कामं एकाच दिवशी करायला सांगू की आठवडाभर विखरून?

बेरीज_वजाबाकी: नाही चालणार. करी आणि सहकाऱ्यांनी 2018 मध्ये सत्कृत्यांवरचे 27 अभ्यास एकत्र तपासले, तेव्हा सरासरी परिणाम 0.28 स्टँडर्ड डेव्हिएशन (माणसामाणसांच्या स्कोअरमध्ये एरवी किती फरक असतो त्याचं माप) एवढाच निघाला. तो 80 टक्के पॉवरने, म्हणजे खरा असेल तर सापडण्याची शक्यता 80 टक्के ठेवून, पकडायचा तर प्रत्येक गटात साधारण 200 जण हवेत. सुरुवातीचा स्कोअर कोव्हेरिएट म्हणून घेतलात, म्हणजे हिशेबात त्याचा फरक वजा केलात, आणि आधीच्या-नंतरच्या स्कोअरचा सहसंबंध 0.6 च्या आसपास असला, तर 128 वर भागेल. वीस टक्के लोक मध्येच सोडतील असं धरून प्रत्येक गटात 160 नोंदवा. 40-40 मध्ये फरक 'सापडला' तरी तो बहुधा फुगलेलाच असणार.

दर आठवड्याचं मोजमापही सोडा. डब्ल्यूएचओ-5 गेल्या दोन आठवड्यांबद्दल विचारते. पहिल्या आठवड्याअखेरच्या उत्तरात निम्मा काळ प्रयोगाआधीचाच येतो! सुरुवात, दुसरा आठवडा, चौथा आठवडा आणि जमल्यास आठवा, एवढं पुरे. बेरीज 0 ते 25 येते, ती 100 पैकी करायला 4 ने गुणायचं विसरू नका.

तिसरा_गट: मला जास्त खटकतोय तो 'काहीच नाही' गट. प्रयोगात नाव घातलेल्या माणसाला काहीतरी करायला मिळालं, एवढ्यानेही स्कोअर हलतो. त्यांना नेहमीच्या कामांची नोंद ठेवायला द्या. माणसं मिळाली तर स्वतःसाठी काही छान करणारा तिसरा गट घ्या. नेल्सन आणि सहकाऱ्यांच्या 2016 च्या अभ्यासात अशी तुलना होती आणि दुसऱ्यांसाठी करणारे पुढे राहिले.

सूचना नेमकी लिहा: 'एरवी केलं नसतं असं काम, दुसऱ्यासाठी, थोडी तोशीस सोसून.' नाहीतर लोक रोजचंच काम सत्कृत्य म्हणून लिहून मोकळे होतात. कोणासाठी, काय, किती मिनिटं, हे त्याच रात्री लिहून घ्या. आठवड्याच्या शेवटी आठवून लिहिलेली नोंद भरवशाची नसते.

एका दिवसाचं म्हणाल तर, ल्युबोमिर्स्की, शेल्डन आणि श्केड यांच्या 2005 च्या लेखात पाचही कामं एकाच दिवशी करणाऱ्यांचंच समाधान वाढलेलं दिसलं. तेव्हा एकच दिवस.

बेरीज_वजाबाकी: एवढ्यावरून 'विखरून चालत नाही' असं मात्र मी ठरवणार नाही. विद्यार्थ्यांवरचा एक अभ्यास आहे तो. एकच दिवस ठेवा, पण नोंदी तपासणं सोपं जातं म्हणून.

शाईची_दौत: आणि पावलं?

तिसरा_गट: दुय्यम मोजमाप म्हणून ठेवा. पट्टा बांधला की सुरुवातीला माणूस जास्त चालतो, म्हणून दोन्ही गटांना पट्टा द्या आणि सूचना देण्याआधी पूर्ण 7 दिवस नुसतं मोजा. दिवसात 10 तासांहून कमी वेळ पट्टा असेल तर तो दिवस धरू नका. सत्कृत्यांनी आपोआप चालणं वाढेल असं गृहीत धरू नका. ते वाढवायचं तर 'अमुक झालं की लगेच तमुक' अशी योजना लिहून घ्यावी लागते. गोलविट्झर आणि शीरन यांनी 2006 मध्ये अशा योजनांच्या 94 चाचण्या एकत्र केल्या, सरासरी परिणाम 0.65 स्टँडर्ड डेव्हिएशन होता. पण ती याच प्रयोगात घुसवलीत तर कशाने काय झालं ते कळायचं नाही. चार गट करावे लागतील, आणि माणसं त्या हिशेबाने.