हरलेल्या डावाचं पोस्टमॉर्टेम: तुमच्या वहीत काय निघालं?

तीनेक महिन्यांपूर्वी एक उद्योग केला. लिचेस या ऑनलाइन बुद्धिबळाच्या साइटवरचे माझे शेवटचे ५० हरलेले डाव काढले, सगळे दहा मिनिटांचे, आणि मुलीच्या उरलेल्या दोनशे पानी वहीत उतरवायला घेतले. नियम एकच: आधी आपली चूक आपण शोधायची, मगच स्टॉकफिशला, म्हणजे चाली तपासणाऱ्या इंजिनला, विचारायचं. चूक कुठे झाली ते इंजिन दोन प्रश्नचिन्हं टाकून सांगतंच. का झाली ते त्याला कुठून कळणार? म्हणून वहीत शेवटचा रकाना आखला, 'कारण'.

५० पैकी ३१ डाव मी जिंकत आलेलो होतो. त्यातले निम्म्याहून जास्त घालवले ते समोरच्याचं काहीतरी मारल्यावर, अगदी पुढच्याच चालीला. कोणत्या चालीला किती सेकंद घेतले तेही लिचेसवर दिसतं. मारल्यानंतरची माझी चाल: दोन सेकंद, तीन सेकंद, एकदा तर एकच. फुकटचा घोडा मिळाला की बोनस झाल्यासारखा हात सुटतो माझा.

ग्रँडमास्टर विदित गुजराथीच्या गावात, नाशकात राहून हे कबूल करायला लाज वाटते, पण केलं. आता तुम्ही लिहा. ओपनिंगची, म्हणजे ठरीव सुरुवातींची, नावं कमी, कारण जास्त.
(इंदिरानगर)

*

माझं कारण कसारा घाट. रोज सकाळी पंचवटी एक्स्प्रेसने मुंबई. इगतपुरी सोडली की बोगदे सुरू, रेंज गायब, आणि माझं घड्याळ मात्र चालूच. बाहेर आलो की डाव हरलेला. कित्येक दिवस मी नेटवर्कला शिव्या घालत होतो. मग नीट पाहिलं तर बोगद्याच्या आधीच्या पाच-सहा चाली भयंकर होत्या. घाट येतोय म्हणून घाई, घाईत हत्ती उघडा. आता देवळालीनंतर नवा डाव लावत नाही, तेवढ्यात कोडी सोडवतो. शेजारचे काका रोज विचारतात, "आज बोगद्याने खाल्लं का?"

*

मुलाला क्लासला सोडता सोडता मी शिकले. गंगापूर रोडला क्लासबाहेर स्कूटीवर बसून खेळायचे. पांढरी घेऊन लंडन ओपनिंग, कारण त्यात फार पाठ करावं लागत नाही. आणि एकाच खड्ड्यात पाच वेळा पडले.

समोरच्याचा वजीर बी-६ या घरावर येतो, मी माझा बी-३ वर नेते. तो प्यादं सी-४ वर ढकलतो, माझा वजीर मागे सी-२ वर. लगेच तो उंट एफ-५ वर आणून ठेवतो, माझ्या वजिराच्या थेट तोंडात. फुकट! मी घेतला. त्याच्या वजिराने बी-२ चं प्यादं खाल्लं, मग कोपऱ्यातला हत्ती, मग शेजारचा घोडा. माझा वजीर तिकडे एफ-५ वर उंट पचवत बसलेला.

पाचही वेळा इंजिनने लाल खूण केली होती, वजीर मागे सी-१ वर न्या म्हणून दाखवलंही होतं. मी "हो हो, कळलं" म्हणून पुढचा डाव लावला. सहाव्या वेळी मुलाने तो पट लाकडी बोर्डावर मांडायला लावला. "आई, तो उंट का देतोय ते विचार ना." एवढं विचारलं असतं तरी पुरे होतं. आता फुकट काही दिसलं की आधी संशय येतो. भाजीवाल्याने कोथिंबीर जास्त घातली तरी.

*

नाशिक रोड, निवृत्त. मी लहानपणापासून देशी पद्धतीने खेळलेलो. आमच्या घरी प्यादं एकच घर चालायचं, राजाला एकदा घोड्यासारखी अडीच घरं उडी मिळायची, आणि समोरच्याला चालच उरली नाही तर तो दोष आपला, त्याला वाट करून द्यायची. मोबाइलवर पहिल्या आठवड्यात कुणीतरी माझं प्यादं तिरकं मारलं, बाजूच्या घरातलं! ॲप बनवाबनवी करतंय याची मला खात्रीच झाली. नातवाने एन पासाँ समजावलं: दोन घरं पुढे आलेलं प्यादं शेजारच्या प्याद्याने तिरकं जाऊन मारायचा नियम.

पण खरी हानी स्टेलमेटने केली. वजीर आणि हत्ती जास्त असताना राजा असा कोंडला की डाव बरोबरीत. असे तीन डाव. इंदिरानगरवाल्यांना एक सांगतो: मोहरा मारला की दोन्ही हात मांडीखाली घालून बसा. आम्ही नदीच्या घाटावर असंच बसायचो. आणि ते इंजिन आठवडाभर बंद ठेवा.

*

काका, इंजिन बंद नाही करणार :) पण माझा गुन्हा मोठा आहे. २०२४ ला टोरांटोत कँडिडेट्समध्ये, म्हणजे जगज्जेत्याचा आव्हानवीर ठरवणाऱ्या स्पर्धेत, विदितने अमेरिकेच्या नाकामुराला दोन्ही डावांत हरवलं, आणि सिडकोतल्या आमच्या रूमवर सगळ्यांना चढली. तेव्हापासून मला प्रत्येक डावात एच-७ वर उंट टाकायचाच असतो. एफ-६ वर काळा घोडा उभा आहे, तो उंट खाणार आहे, हे दिसत असूनही! घोडा आरामात घेतो, मी एक प्यादं मिळवून उंट गमावून बसतो. त्यात रात्री दीडला "हा शेवटचा" म्हणत अकरा डाव. सकाळी रेटिंग १४० पॉइंट कमी. माझ्या कारणाच्या रकान्यात वेळ लिहिली तरी पुरे.

*

मी हरलेले बघतच नाही. जिंकलेले बघतो, मूड चांगला राहतो.

*

वरच्यांना: जिंकलेले इंजिन लावून बघा एकदा. मूड जाईल. माझ्या जिंकलेल्या डावांत चुका जास्त निघाल्या, फक्त शेवटची समोरच्याने केली होती.

*

मूळ धागावाला. काकांचं ऐकलं. काल रात्री घोडा मारला आणि फोन टेबलावर ठेवून खरोखर मांडीखाली हात घातले. बायको विचारत होती, थंडी वाजतेय का. ४० सेकंद बसलो, समोरच्याचा मागच्या रांगेत मात करायचा बेत दिसला, राजासमोरचं प्यादं एक घर पुढे केलं. पुढच्या प्रत्येक चालीला तेच. सुंदर डाव झाला, एक घोडा जास्त, पट माझ्या हातात, आणि घड्याळ शून्यावर. वेळ संपून हरलो.

वही उघडून बसलोय. काका, रकान्यात तुमचं नाव लिहू का?