दिल्लीत हरलो, पण हॉकी परत मिळाली

खालसा मैदान (नांदेड)
आमच्या ग्रुपवर एकानं लिहिलं, "जर्मनीसोबतची मालिका हरले तरी हॉकीवाले नाचायलेत. मैत्रीच्या सामन्यांत काय एवढं?" ते वाक्य रात्रभर डोक्यातून गेलं नाही.

२३ ऑक्टोबर २०२४ ला दिल्लीच्या ध्यानचंद स्टेडियमवर पहिला सामना ०-२ नं हरलो. दुसऱ्या दिवशी मध्यंतराला ०-१ मागं. आणि मग ३४ ते ४८ या मिनिटांत पाच गोल! सुखजीतचे दोन, हरमनप्रीतचे दोन, अभिषेकचा एक. अंगणात सोयाबीनचं माप चालू होतं, मी पोत्याला मोबाइल टेकवून बघायलो होतो. तिसऱ्या गोलाला असा ओरडलो की हमालानं विचारलं, "मालक, भाव वाढला का?"

५-३ जिंकलो. मालिका बरोबरीत, मग शूटआउटला (एकेका खेळाडूनं एकट्या गोलरक्षकासमोर गोल मारायचा) १-३ गेलो. हरलो, मान्य. पण मैत्री कसली? टोकियो ऑलिम्पिकला १-३ वरून ५-४ करून ४१ वर्षांनी पदक आणलं ते यांच्याचकडून. पॅरिस ऑलिम्पिकच्या उपांत्य सामन्यात २-३ नं पाडलं तेही यांनीच. आणि १९३६ ला बर्लिनमध्ये यांच्याच घरात आपण यांना ८-१ नं हरवलं!

माझे वडील मला दरवर्षी गुरू गोबिंदसिंगजी गोल्ड कप बघायला खालसा हायस्कूलच्या मैदानावर न्यायचे. १९८२ च्या एशियाडला दिल्लीत याच स्टेडियमवर पाकिस्ताननं ७-१ नं हरवलं. त्यांनी रेडिओ बंद केला आणि पुन्हा हॉकीचं नाव काढलं नाही. परवा त्याच मैदानावरचे पाच गोल बघताना मला ते आठवले. एवढंच.

मांजराकाठ (लातूर)
भाऊ, वडिलांचं वाचून वाईट वाटलं. पण शूटआउटला एक गोल करणाऱ्या संघाचं कौतुक मला पटत नाही. त्याच दिवशी पुण्याजवळ गहुंज्यात क्रिकेट कसोटीत वॉशिंग्टन सुंदरनं ७ बळी घेतले. लातुरात कुठल्याही टपरीवर विचारा लोक काय बघत होते. आपल्या तालुक्यात हॉकी खेळतंय कोण?

गोदामाय (गंगाखेड)
माझी लेक खेळते. शाळेचं मैदान मुरमाचं, चेंडू कुठंही उसळतो. राज्य पातळीवर पहिल्यांदा टर्फवर (कृत्रिम गवतावर) उतरली तेव्हा बुटात पाणी गेलं. मला विचारते, "आई, इथं पाऊस झाला का?" टर्फवर सामन्याआधी पाणी मारतात हेच पोरींना माहीत नव्हतं. काठी लावेपर्यंत चेंडू पुढं गेलेला. पाच मिनिटांत दोन गोल खाल्ले. खेळतंय कोण म्हणता, आधी मैदान द्या की.

मांजराकाठ
ताई, पाणी मारायचं? लातूरच्या माणसाला सांगताय? २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं, पहिल्या खेपेला दहा वाघिणी, पाच लाख लिटर. माझी आई पहाटे तीनला घागरी घेऊन रांगेत बसायची. त्या साली हायकोर्टानं आयपीएलचे सामनेसुद्धा राज्याबाहेर काढले. आणि आता प्लास्टिकच्या गवताला पाणी?

कोरडवाहू (कळंब)
पाण्याचं निघालंच तर उसाचं बोला. टँकर चालू असताना उसाला पाणी चालतं आणि पोरींचं मैदान तेवढं डोळ्यावर येतं?

मांजराकाठ
माझा दोन एकर ऊस आहे, लपवत नाही. २०२४ ला सोयाबीनचा हमीभाव ४,८९२ होता, बाजारात तेवढाही मिळेना. मग लावू काय? पुण्यात बसून सल्ले द्यायला काय जातं?

कोरडवाहू
मी कळंबलाच राहतो. माझ्या विहिरीला मार्चनंतर पाणी नसतं, कारण शेजाऱ्यानं उसासाठी तीन बोअर पाडले. भांडून सख्खे भाऊ बोलेनासे झाले आमच्याकडं.

खालसा मैदान
अहो, धागा हॉकीचा आहे! १९७५ ला आपण विश्वविजेते होतो. पुढच्याच वर्षी मॉन्ट्रियल ऑलिम्पिकला कृत्रिम गवत आलं आणि आपण सातवे. गोदामायच्या लेकीसोबत झालं तेच. पॅरिसच्या टर्फला आधीपेक्षा कमी पाणी लागलं, बिनपाण्याच्या टर्फचंही काम चालू आहे. आईच्या घागरी मी विसरत नाही, पण म्हणून पोरींनी मुरमावरच खेळायचं का?

मांजराकाठ
बिनपाण्याचं असेल तर माझी हरकत नाही. पाण्याचं असेल तर आहे, आणि राहणार. उसावर मला कोणी शिकवू नये.

काल रात्री तो सामना लावला. मध्यंतरानंतरचा भाग दोनदा बघितला. हरमनप्रीतचे लागोपाठ दोन मिनिटांत दोन गोल, ते मात्र मानलं. शूटआउट बघितलं नाही.

गोदामाय
लेकीलाही दाखवला. आता अंगणात विटा मांडून फ्लिक मारायलीय. खालसा मैदानवाले दादा, गोल्ड कपच्या तारखा लागल्या की इथं टाका. गंगाखेडहून सकाळच्या गाडीनं आणते तिला.